वाळूतून धम्म शोधणारा वाटसरू : सर ऑरेल स्टाईन

विहाराची स्मरणिका निघायची ठरली, की तिच्यात धम्माच्या इतिहासावर एखादा लेख हवाच, असा आपला रिवाज आहे. सम्राट अशोक, मिलिंद राजा, अनागारिक धम्मपाल यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचले आहे, प्रवचनांतून ऐकले आहे. या वेळी मात्र मी अशा एका माणसाची जीवनकथा सांगणार आहे, जो बौद्ध नव्हता, ज्याने कधी त्रिसरण घेतले नाही, आणि तरीही ज्याच्यामुळे वाळूखाली गडप झालेला धम्माचा एक अख्खा प्रदेश जगासमोर आला. त्याचे नाव सर ऑरेल स्टाईन. आणि त्याच्याबरोबर त्या माणसांचीही कथा सांगायची आहे, ज्यांच्या जिवावर तो वाळवंटातून जिवंत परत आला. त्यांची नावे पुस्तकांच्या मुखपृष्ठावर येत नाहीत.

जन्म आणि शिक्षण

स्टाईनचा जन्म २६ नोव्हेंबर १८६२ रोजी हंगेरी देशातील बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मुलाला पुढे अडचणी येऊ नयेत म्हणून आईवडिलांनी त्याचा बाप्तिस्मा करवून घेतला. त्या काळी युरोपात ज्यूंना कितीतरी दरवाजे बंद होते. जन्मावरून माणसाची वाट अडवण्याचा रोग काही आपल्याच देशात होता असे नाही. घरात थोरला भाऊ अर्न्स्ट त्याच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा, आणि मामा इग्नाझ हिर्शलर हा बुडापेस्टमधला नावाजलेला नेत्रवैद्य. या दोघांनी ऑरेलच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. मामा डोळ्यांचा डॉक्टर होता एवढे ध्यानात ठेवा. पुढे या गोष्टीची आठवण येईल.

व्हिएन्ना, लाइपझिग आणि ट्युबिंगेन इथे त्याने संस्कृत आणि प्राचीन इराणी भाषांचा अभ्यास केला. १८८३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो डॉक्टरेट झाला. मधल्या काळात हंगेरीच्या सैन्यात वर्षभराची सक्तीची नोकरी करावी लागली. तिथे तो नकाशे काढायला शिकला. ही विद्या त्याला पुढे संस्कृतइतकीच उपयोगी पडली.

१८८८ मध्ये तो लाहोरला आला आणि ओरिएंटल कॉलेजचा प्राचार्य झाला. सुट्टी लागली की काश्मीर गाठायचे आणि पंडित गोविंद कौल यांच्यासारख्या विद्वानांबरोबर जुन्या पोथ्या तपासायच्या, हा त्याचा क्रम. कल्हणाच्या राजतरंगिणीची त्याने संशोधित केलेली संस्कृत आवृत्ती १८९२ मध्ये आपल्या मुंबईच्याच छापखान्यातून बाहेर पडली. उंचीने बेताचा, अंगाने काटक, लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेला हा माणूस काश्मीरमधल्या मोहंद मर्ग नावाच्या पठारावर तंबू ठोकून राहायचा. स्वतःचे घर म्हणून त्याने आयुष्यात बांधले नाही. सोबत एक कुत्रा असे. एक मेला की दुसरा आणायचा, आणि नाव प्रत्येकाचे एकच, डॅश.

वाळवंटाकडे ओढ

स्टाईनच्या मनात एका माणसाने घर केले होते. तो म्हणजे चिनी भिक्खू ह्युएनत्संग. तोच, जो सातव्या शतकात हिंदुस्थानात आला, नालंदाला शिकला, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला आणि पुलकेशी राजाविषयी व इथल्या मानी लोकांविषयी लिहून ठेवून गेला. हा भिक्खू चीनहून एकटा निघाला तेव्हा गोबीच्या वाळवंटात त्याच्या हातून पाण्याची पखाल सांडली. पाण्यासाठी तो मागे वळला, थोडे अंतर गेलाही. पण धम्मग्रंथ मिळाल्याशिवाय पूर्वेकडे पाऊल टाकायचे नाही ही प्रतिज्ञा आठवून त्याने पुन्हा पश्चिमेकडे तोंड केले. चार रात्री आणि पाच दिवस घशाखाली थेंब गेला नाही. अखेर त्याच्या म्हाताऱ्या घोड्याने गवताचा आणि पाण्याचा वास काढला आणि धनी वाचला.

ही कथा स्टाईनला पाठ होती. ह्युएनत्संगने वर्णन केलेली नगरे, स्तूप, विहार जर खरे होते, तर ते गेले कुठे? उत्तर होते तक्लमकान. तिबेटच्या उत्तरेला, आजच्या चीनच्या शिंज्यांग प्रांतात पसरलेले हे वाळवंट. त्याच्या कडेकडेने रेशमाचा व्यापारी मार्ग जात होता, आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर तथागतांचा धम्म चीनला पोचला. पुढे नद्या आटल्या, राज्ये बुडाली, धर्म बदलले आणि विहारांवर वाळू चढली.

हेही सांगितले पाहिजे, की इंग्रज सरकारने त्याला पाठवले ते केवळ विद्येच्या प्रेमापोटी नव्हे. त्या भागात रशिया आणि ब्रिटन एकमेकांवर डोळा ठेवून होते. नकाशा ज्याच्या हाती त्याचे पारडे जड. म्हणून प्रत्येक मोहिमेत सर्व्हे ऑफ इंडियाचा हिंदी सर्व्हेअर बरोबर असायचा. खर्चाचा मोठा वाटा हिंदुस्थान सरकार उचलायचे. म्हणजे काय, तर आपल्याच रयतेच्या महसुलातला पैसा.

पहिली मोहीम : १९००-०१

वाळवंट काय चीज आहे हे पाच वर्षांपूर्वीच दिसून आले होते. १८९५ च्या एप्रिलमध्ये स्वेन हेडिन नावाचा स्वीडिश प्रवासी चार माणसे आणि आठ उंट घेऊन तक्लमकानमध्ये शिरला. पाणी पुरेसे घेतलेच नव्हते. माणसे तडफडू लागली. दोन जण वाळूतच मेले. हेडिन हातापायांवर रांगत खोतान नदीपर्यंत पोचला आणि आपल्या बुटांत पाणी भरून मागे राहिलेल्या कासीम नावाच्या सोबत्याला त्याने ते नेऊन पाजले.

स्टाईनने यातून धडा घेतला. तो वाळवंटात शिरायचा तो कडाक्याच्या थंडीत. थंडीचा फायदा असा, की पाणी गोठते आणि बर्फाच्या लाद्या पोत्यांत भरून उंटाच्या पाठीवर टाकता येतात. बर्फ सांडत नाही, गळत नाही. लागेल तेवढा फोडायचा आणि वितळवायचा. उंटांना मात्र कित्येक दिवस पाणी नाही. त्यांना मधूनमधून थोडे उग्र तेल पाजायचे. उंटवाले त्याला गमतीने उंटांचा चहा म्हणत. वाळू आणि खडे तुडवून उंटांचे तळवे फाटले, की हसन आखून हा उंटवाला जिवंत कातडीलाच बैलाच्या चामड्याचे ठिगळ शिवायचा. उंटाला धरायला माणसे लागायची. काम अघोरी होते. पण पाय गेला तर उंट गेला, आणि उंट गेला तर माणूस गेला.

१९०० च्या डिसेंबरमध्ये तुर्दी नावाच्या म्हाताऱ्या वाटाड्याने त्यांना दंदान-ऊईलिकच्या अवशेषांपाशी नेले. हा तुर्दी मूळचा वाळूत सोने धुंडाळणारा. त्याला खुणा ठाऊक होत्या, नकाशा ठाऊक नव्हता. तिथे वाळू उपसली आणि लहान लहान विहारांच्या भिंती, बुद्ध-बोधिसत्त्वांची चित्रे, संस्कृत पोथ्यांची पाने बाहेर आली. रात्री थंडी इतकी, की दौतीतली शाई गोठायची.

तिथून पुढे नीया. तिथे इब्राहिम नावाच्या गावकऱ्याला वाळूत काही लाकडी पाट्या सापडल्या होत्या. त्याला त्यांचे मोल काय ठाऊक, त्याने त्यातल्या काही वाटेवरच फेकून दिल्या होत्या. स्टाईनने पाहिले तर खरोष्ठी लिपी आणि भाषा प्राकृत. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरची आपल्या लोकांची भाषा तिसऱ्या-चौथ्या शतकात इतक्या दूर, वाळवंटातल्या राज्याच्या कारभारात वापरात होती. बहुतेक पाट्या म्हणजे जमिनीचे तंटे, कर, उंटांचे हिशेब. पण त्यात एक भिक्खुसंघाचा नियमपटही निघाला. जो भिक्खू संघाच्या कामात भाग घेणार नाही, उपोसथाला येणार नाही किंवा गृहस्थाच्या वेषात येईल, त्याला रेशमाचा एक तागा दंड. सोळा-सतराशे वर्षांपूर्वीही उपोसथाला गैरहजर राहणारे होते, आणि त्यांची नोंद घेणारेही होते! आपल्या विहाराच्या कार्यकारिणीला हे वाचून बरे वाटेल.

मीरान आणि तुनहुआंग

दुसरी मोहीम १९०६ ते १९०८ अशी चालली. हीच सर्वांत मोठी आणि सर्वांत महागात पडलेली. या वेळी बरोबर होता नाईक राम सिंग, बंगाल सॅपर्स अँड मायनर्स या पलटणीतला शीख जवान. हाताने सुतार, कामाला वाघ. वाळूत बुडालेल्या खोल्या उकरणे, लाकडी खोकी बनवणे, भिंतीवरचे चित्र इजा न होता सोडवणे, फोटो काढणे हे सगळे तो करायचा. दुसरा सोबती च्यांग हा चिनी चिटणीस. मोठा रसिक आणि इमानी माणूस.

१९०७ च्या सुरुवातीला ते मीरानला पोचले. तिथे पडझड झालेल्या गोलाकार मंदिरात स्तूपाभोवतीच्या भिंतीवर पंख असलेल्या तरुणांची चित्रे निघाली. डोळे टपोरे, चेहरे थेट ग्रीक-रोमन वळणाचे. एका भिंतीवर तर तिता या चित्रकाराचे नावही होते. रोमकडचे नाव वाटावे असा हा कारागीर बुद्धाच्या स्तूपाची भिंत रंगवत होता. धम्माला देशाची, वंशाची भिंत नव्हती हे याहून निराळे सांगायला नको. गारठ्यात बोटे बधिर झालेली असताना नाईकाने ही ठिसूळ चित्रे भिंतीपासून सोडवली आणि खोक्यांत बांधली.

मार्च १९०७ मध्ये लोपचे वाळवंट ओलांडून ते तुनहुआंगला आले. तिथल्या सहस्रबुद्ध लेण्यांची सुरुवात इसवी सन ३६६ मध्ये झाली असे मानतात. चित्रे असलेली जवळजवळ पाचशे लेणी तिथे आहेत. आपल्या अजिंठ्याची धाकटी बहीणच म्हणा. वांग युआनलू नावाचा एक गरीब ताओपंथी साधू दारोदार भिक्षा मागून या लेण्यांची डागडुजी करत होता. १९०० साली त्याला एका लेण्याच्या भिंतीमागे चिणलेली कोठडी सापडली. आत जमिनीपासून वरपर्यंत ग्रंथांची भेंडोळी! अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कोणीतरी ती बंद केली होती.

वांग काही दाद लागू देईना. मग स्टाईनने ह्युएनत्संगचे नाव काढले. वांग त्या भिक्खूचा भक्त. त्याने ओसरीवर ह्युएनत्संगची चित्रे रंगवून घेतली होती. एका चित्रात ग्रंथांनी लादलेला घोडा घेऊन तो नदीकाठी उभा आहे आणि कासव त्याला पलीकडे न्यायला येते आहे. आपणही त्याच महात्म्याच्या पावलांवर हिंदुस्थानातून आलो आहोत, असे स्टाईनने समजावले. त्या रात्री वांगने चोरून जी पहिली भेंडोळी दिली, ती ह्युएनत्संगनेच चिनी भाषेत आणलेल्या सूत्रांची निघाली. वांगला हा कौलच वाटला.

पुढच्या रात्री च्यांग अंधारातून गठ्ठे वाहत होता. शेवटी चोवीस पेट्या ग्रंथ आणि पाच पेट्या चित्रे व रेशमी पट तिथून निघाले. वांगला मिळाली ती किरकोळ रक्कम. त्याने ती लेण्यांच्या डागडुजीला लावली. त्या ग्रंथांत वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्राची छापील प्रत होती, तारीख इसवी सन ८६८. तारीख असलेले जगातले सर्वांत जुने पूर्ण छापील पुस्तक ते हेच. एका उपासकाने आपल्या आईवडिलांच्या नावाने, लोकांना फुकट वाटण्यासाठी ते छापून घेतले होते. आईवडिलांच्या स्मरणार्थ धम्माच्या पुस्तिका छापून वाटणाऱ्या आपल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे. आपली रीत साडेअकराशे वर्षांची आहे.

केरिया नदीचे टोक

आता त्या मोहिमेतला सर्वांत बिकट प्रसंग. जानेवारी १९०८ च्या अखेरीस स्टाईनने तारीम नदी सोडली आणि तक्लमकान उत्तरेकडून दक्षिणेकडे उभे ओलांडायचे ठरवले. दक्षिणेकडून केरिया नावाची नदी वाळवंटात शिरते आणि मध्येच वाळूत जिरून जाते. हेडिनने १८९६ मध्ये दक्षिणेकडून उत्तरेकडे हा प्रवास केला होता. तसे जाणे त्यातल्या त्यात सोपे. नदी धरून चालत राहायचे, ती संपली की पुढचे थोडे अंतर नेटाने काढायचे. तिकडे उत्तरेला तारीम आडवी वाहते, ती चुकायची नाही. पण उलट बाजूने येणे म्हणजे अंधाऱ्या विहिरीत लोंबणाऱ्या दोराचे टोक चाचपडण्यासारखे. थोडे डावीउजवीकडे झाले की नदी हुकली, आणि नदी हुकली की खेळ खलास.

शाहयार गावचे जे शिकारी वाटाडे म्हणून घेतले होते, त्यांना दोन-चार दिवसांतच रस्ता कळेनासा झाला. मग होकायंत्र आणि हेडिनचा नकाशा, एवढाच आधार. वाळूच्या टेकड्यांमागे टेकड्या. त्यानंतर लागला जुन्या नदीचा मेलेला त्रिभुज प्रदेश. शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली झाडे उभीच्या उभी, पाने नाहीत, साल नाही. जागोजाग कोरडी पात्रे. त्यातले कुठले पात्र खऱ्या नदीकडे जाते, कोण सांगणार? विहीर खणायची, कधी ओल लागायची, कधी नुसती वाळू. बर्फाची पोती हलकी होत चालली. माणसांना मोजून पाणी, घोड्यांना त्याहून कमी, उंटांना नाहीच.

शाहयारची माणसे हबकली. मागे फिरायची भाषा सुरू झाली. पण मागे फिरणे म्हणजे खात्रीचे मरण, कारण तेवढ्या दिवसांचे पाणीच शिल्लक नव्हते. स्टाईनने त्यांना एकत्र ठेवले. कडकपणाने ठेवले हे खरे, पण पाण्याचा हिशेब त्याने कोणापासून लपवला नाही. रोज सकाळी दिशा ठरवायची, उंच टेकडीवर चढून दुर्बिणीतून पाहायचे, आणि चालायचे. असे दोन आठवड्यांहून अधिक दिवस गेले. फेब्रुवारीच्या मध्याला एका उंच टेकडीवरून त्याला दूरवर चकाकणाऱ्या पट्ट्या दिसल्या. तो बर्फ होता. नदीने आपले जुने पात्र सोडले होते आणि ती नव्याच वाटेने वाहत होती. नकाशावरच्या जागी ती नव्हतीच!

आपण अनिच्च शिकतो तेव्हा नदीचा दाखला देतो. या लोकांनी तो पाण्यावाचून अनुभवला. माणसे आणि जनावरे बर्फावर धावली. कोणी दगावले नाही. हे यश स्टाईनचे जितके, तितकेच हसन आखूनचे, विहिरी खणणाऱ्या हातांचे आणि तहान गिळून चाललेल्या उंटांचे.

नाईक राम सिंगचे डोळे

त्याच हिवाळ्यात नाईक राम सिंगला स्टाईनने इब्राहिम बेग या सोबत्याबरोबर पुन्हा मीरानला पाठवले होते. मागे राहिलेल्या भित्तिचित्रांचे काम पुरे करायचे होते. वाटेत त्याचे डोके ठणकू लागले. एका डोळ्याने दिसेनासे झाले. तरी तो मीरानला गेला आणि कामाला लागला. मग दुसऱ्या डोळ्यावरही अंधार आला.

इब्राहिम बेगने त्याला सांभाळून परत आणले. या प्रवासातली एक गोष्ट मनाला चटका लावते. पूर्ण आंधळा झाल्यावरही नाईक स्वतःचे अन्न स्वतःच शिजवायचा. इब्राहिम बेग मुसलमान, त्याच्या हातचे जातीच्या नेमाला चालत नव्हते. त्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. तो शूर होता, कामसू होता. पण जातीचे सोवळे माणसाला कुठवर सोडत नाही ते पाहा. ज्या बुद्धाच्या भिंती त्याने डोळे जाईपर्यंत जपल्या, त्या बुद्धाने संघात येणाऱ्या कोणाची जात विचारली नव्हती. आणि त्याच भिंतीसमोर हा आंधळा माणूस चाचपडत एकट्यापुरती चूल पेटवत होता.

१९०८ मध्ये खोतानला स्टाईनची आणि त्याची भेट झाली. पुढे यारकंदच्या स्वीडिश मिशनच्या डॉक्टरांनी तपासले. काचबिंदू. उपाय उरला नव्हता. ज्याचा मामा नामांकित नेत्रवैद्य, त्याच्या माणसाचे डोळे शेकडो मैलांत डॉक्टर नसल्याने गेले. नाईकाला लडाखमार्गे घरी पाठवले. स्टाईनने सरकारदरबारी खटपट करून निवृत्तिवेतनाची सोय करवली, पण नाईक फार दिवस जगला नाही. १९०९ हे वर्ष संपेपर्यंत तो गेलेला होता.

स्वतः स्टाईनलाही किंमत मोजावी लागली. सप्टेंबर १९०८ मध्ये कुनलुन पर्वतात सुमारे वीस हजार फुटांवर तो नकाशासाठी फोटो काढत संध्याकाळपर्यंत थांबला. पाय गोठले. कित्येक दिवस जनावराच्या पाठीवरून आणि डोलीतून त्याला लेहला आणले. तिथे मिशनच्या डॉक्टरने उजव्या पायाची सगळी बोटे कापली. पुन्हा चालता येईल की नाही याची खात्री नव्हती. हा गडी मात्र १९१३ ते १९१६ अशी तिसरी मोहीम करून आला. तीत घोडा अंगावर पडून पाय जायबंदी झाला. ह्युएनत्संगची ती पाण्यावाचूनची वाटही त्याने आपल्या प्रवासांत स्वतः तपासली, आणि भिक्खूचे वर्णन जमिनीशी जुळते हे दाखवून दिले.

वाचवले, की नेले?

आता एक अवघड प्रश्न. चीनमध्ये स्टाईनकडे ग्रंथ लुटून नेणारा म्हणून पाहतात. १९३० मध्ये तो चौथ्यांदा गेला तेव्हा तिथल्या विद्वानांनी असा विरोध केला, की त्याला रिकाम्या हाताने परतावे लागले. त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. वांग हा काही त्या ग्रंथांचा मालक नव्हता. अंधारात, गुपचूप, थोड्या पैशांत झालेला व्यवहार हा दान नव्हे. आणि ह्युएनत्संगचे नाव घेऊन केला म्हणून तर तो जास्तच बोचतो. ह्युएनत्संगने हिंदुस्थानातून ग्रंथ नेले ते उघडपणे, शिकून, नकला करून आणि मिळालेल्या देणग्यांतून.

पण दुसरी बाजूही आहे. तुनहुआंगचे उरलेले ग्रंथ १९१० मध्ये पेकिंगला न्यायचे ठरले, तेव्हा वाटेत कितीतरी भेंडोळी चोरीला गेली. मीरानची जी चित्रे नाईकाला सोडवता आली नाहीत, ती नंतर आलेल्या दुसऱ्या एका प्रवाशाच्या धसमुसळेपणात नष्ट झाली. १९१४ मध्ये स्टाईन तिथे परत गेला तेव्हा त्याला तुकडे मिळाले. आणि परदेशात नेले म्हणजे सुरक्षित झाले, असेही नाही. जर्मनांनी तुर्फानकडून कापून नेलेली मोठमोठी बौद्ध भित्तिचित्रे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात बर्लिनमध्ये नाहीशी झाली.

माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्याने वाचवलेही, आणि नेलेही. लंडनचा वाटा ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ब्रिटिश लायब्ररीत आहे. हिंदुस्थानच्या वाट्याला आलेला संग्रह, मीरानच्या चित्रांसह, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमामुळे निरनिराळ्या देशांत विखुरलेली ही भेंडोळी आता संगणकावर एकत्र पाहायला मिळतात.

अखेर

अफगाणिस्तानात जाऊन प्राचीन बाल्ख पाहायचे हे स्टाईनचे तरुणपणापासूनचे स्वप्न. परवानगी मिळायला त्याला जवळजवळ सारे आयुष्य वाट पाहावी लागली. ऑक्टोबर १९४३ मध्ये, ऐंशी वर्षांचा हा म्हातारा एकदाचा काबूलला पोचला. आठवडाभरातच आजारी पडला आणि २६ ऑक्टोबरला वारला. एक्याऐंशी पूर्ण व्हायला एक महिना राहिला होता. काबूलच्या गोऱ्यांच्या कबरस्तानात त्याला पुरले. बाल्ख पाहायचे राहूनच गेले.

उपासक-उपासिकांनो, दिल्लीला जाणे झाले तर राष्ट्रीय संग्रहालयात मध्य आशियाचे दालन विचारा आणि तिथल्या मीरानच्या चित्रांसमोर दोन मिनिटे उभे राहा. ती शोधणाऱ्याचे नाव मिळते. ती भिंतीवरून सोडवणाऱ्या नाईकाची आठवण आपण ठेवायची.

आणि घरी परतल्यावर आणखी एक करा. आपल्या विहाराच्या कपाटात पहिल्या सभांची इतिवृत्ते आहेत, वर्गणीच्या वह्या आहेत, जुनी पत्रके आहेत. त्यांना वाळवी लागू देऊ नका. ज्या माताभगिनींनी डोक्यावरून विटा वाहिल्या, ज्यांनी मजुरीतले चार आणे दिले, त्यांची नावे त्या वह्यांत आहेत. नीयाच्या वाळूने उपोसथाला न येणाऱ्यांचा दंडसुद्धा दीड हजार वर्षे जपला. आपल्याकडे तशी वाळू नाही. आपल्यालाच जपावे लागेल.

नमो बुद्धाय! जय भीम!